फ्रीजमधलं औषध

सेक्टर ८, आर. के. पुरम,
नवी दिल्ली.
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

ती. यशोधनदादास,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहिण्याइतकी मी आज शांत नाही, तेव्हा एवढ्यावर भागवून घे. रुचितावहिनीला माझा नमस्कार सांग. इकडे तुझ्या मेव्हण्याचा, सुधन्वाचा खोकला अजून हटलेला नाही. हवा अशी आहे की समोरच्या ब्लॉकवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत नाहीत. मी ठीक आहे. आज सुट्टी टाकली, सुधन्वा ऑफिसला गेला, आणि सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे.

पत्र का, तर तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या चारही मेसेजना एकच टिक आहे, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. गुरुग्रामला येऊन तुझ्या सोसायटीच्या गार्डच्या तोंडून ‘साहब मना कर रहे हैं’ हे ऐकायची माझी तयारी नाही. कागद फाडायचा असला तर फाड, पण फाडायला तरी तो हातात घ्यावा लागेल.

रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. गुरुजी नुकतेच गेले होते. आईच्या द्वारकेतल्या घराच्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये पंधरा माणसं पानावर बसली होती. बाबांच्या मंत्रालयातले दोघं मित्र होते, वरच्या मजल्यावरचे शेजारी होते. चंद्रप्रभाआत्या खीर वाढत होती. मी बाबांच्या फोटोला नमस्कार करून वळले, आणि तू पानावरूनच म्हणालास, “हिच्या लॅबच्या फ्रीजमध्ये औषध होतं. मी हात जोडले होते हिच्यापुढे. हिने दिलं नाही. आणि आता नमस्कार करतेय.”

तू ओरडलासही नाहीस. साध्या आवाजात बोललास, मीठ मागावं तसं. आत्याचा हात वाटीवर तसाच थांबला. त्या पंधरा माणसांतल्या एकानेही ‘अरे, असं काय बोलतोस’ म्हटलं नाही. मी न जेवता चपला घातल्या. लिफ्टपाशी उभी होते तर आई मागून आली. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, “खरं आहे का गं?”

मी “नाही” म्हणाले. लिफ्ट आली आणि मी निघून गेले.

चार दिवस झाले, तुझ्या वाक्याने मी जळते आहे. आणि माझ्या त्या ‘नाही’नेही. पण आधी तुझ्याशी भांडण. दुसरं मागाहून.

औषध! किती सहज बोललास तू हा शब्द. त्या फ्रीजमध्ये काय होतं ते एकदा नीट ऐक. तू कधी विचारलं नाहीस, मीही कधी सांगितलं नाही, कारण मी कामाबद्दल बोलायला लागले की तू फोन बघतोस.

बाबांच्या रक्तात जो जंतू शिरला होता, तो एक एन्झाइम बनवतो. जंतूचं हत्यार समज. त्या हत्याराच्या ऐन मोक्याच्या जागी जस्ताचे दोन अणू बसलेले असतात. अँटिबायोटिक जवळ आलं की त्या जस्ताच्या जोरावर एन्झाइम त्याचे तुकडे पाडतो. बाबांना मेरोपेनेम चालू होतं. बाकी सगळं हरलं की डॉक्टर ते काढतात. ते थेंब थेंब आत जात होतं आणि आत पोचल्यावर तुटत होतं. आपण दोघं काचेबाहेरून त्या बाटलीकडे बघत होतो आणि आत शून्य काम चाललं होतं. या एन्झाइमच्या नावातच आपलं शहर आहे, न्यू डेल्ही. बाबांना त्याचं फार कौतुक. शेजाऱ्यांना सांगायचे, “आमची केतकी दिल्लीशीच भांडतेय.”

आम्ही बनवतो ते धातूचं संयुग. बिस्मथ नावाचा जड धातू आणि त्याला धरून ठेवणारा एक रेणू. हे एन्झाइममध्ये शिरतं, जस्ताला जागेवरून उठवतं आणि बिस्मथ तिथे जाऊन बसतो. तो बसला की हत्यार बोथट. मग तेच जुनं मेरोपेनेम पुन्हा चालायला लागतं. चाळीस संयुगं वाया गेल्यावर आमचं एक्केचाळिसावं जमलं. त्याला नावसुद्धा नाही. बी-४१ म्हणतो आम्ही. पिवळट पूड, हलवत बसलं तरच पाण्यात विरघळणारी. तोवर ती कुठल्याही माणसाच्या अंगात गेलेली नव्हती. उंदरांनासुद्धा त्याच आठवड्यात सुरू केली होती. याला तू औषध म्हणतोस.

तो गुरुवार तुला आठवतो ना? हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये दुपारी आपण समोरासमोर बसलो होतो. तुझी पोळीभाजी तशीच पडली होती. डॉक्टर नुकतेच ‘रेझिस्टंट आहे’ सांगून गेले होते.

तू म्हणालास, “केतकी, तुझं ते बिस्मथवालं. दे ना यार. जो कागद म्हणशील त्यावर सही करतो.”

मी म्हणाले, “दादा, ते औषध नाहीये.”

“मग काय आहे? बारा वर्षं काय करतेयस तू तिथे?”

हे वाक्य मी एक वर्ष गिळून बसले आहे. तुझे वडील आत होते म्हणून सोडून दिलं. माझेही वडील आत होते, हे तुझ्या लक्षात आलं नाही. तू खरोखर हात जोडलेस, कॅन्टीनमध्ये, चार टेबलांवरच्या लोकांसमोर. मी उठून गेले. तेवढंच तुला माहीत आहे आणि तेवढ्यावर तू वर्षभर माझा निकाल लावून बसलायस.

मग मीही लावते. प्रोस्टेटचं ऑपरेशन गुरुग्रामलाच करायचं हा हट्ट कुणाचा होता? माझ्या ओळखीचे सर्जन होते, सरकारी हॉस्पिटलातले. तू म्हणालास, “तिथे रांगा, इथे स्पेशल रूम मिळेल, बिल्कुल फाइव्ह स्टार.” त्या फाइव्ह स्टारमध्ये बाबांची लघवीची नळी दोन दिवसांनी काढायची ती सहा दिवस राहिली. पाचव्या दिवशी ताप आला तेव्हा मी विचारलं, नळी अजून का आहे? नर्स म्हणाली, “सर ने बोला है, मंडे को देखेंगे.” तू मला कोपराने गप्प केलंस, स्टाफला राग येईल म्हणून. आणि त्याच्या आधीची दहा वर्षं? बाबांना शिंक आली की तू केमिस्टला फोन करून अँटिबायोटिकची स्ट्रिप पाठवायचास. तीन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात. ते गेल्यावर मी तो डबा रिकामा केला तेव्हा त्यात अकरा अर्ध्या स्ट्रिपा निघाल्या. अकरा! त्यांच्या शरीरातल्या जंतूंना तू वर्षानुवर्षं तालीम दिलीस आणि मला विचारतोस, मी बारा वर्षं काय केलं.

इथे जरा थांबले होते. चहा करून आणला.

वरचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. तो जंतू बहुतेक हॉस्पिटलमधूनच आला, त्या गोळ्यांमधून नाही, हे मला कळतं. माझा हा धंदाच आहे. आणि तो डबा मीही बघायचे, दर रविवारी, त्यातलीच बिस्किटं खायचे, आणि एकही स्ट्रिप फेकली नाही. रागात लिहिलं. खोडत मात्र नाही. तुझं वाक्यही तू कुठे खोडलंस?

तू चांगला भाऊ नव्हतास असं मला म्हणायचं नाही. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमागे तू मला स्कूटर शिकवलीस, मी मिसेस नायरांच्या कुंड्या फोडल्या आणि तू बाबांना सांगितलंस की तूच चालवत होतास. म्हणूनच रविवारचं इतकं लागलं. परक्या माणसाने म्हटलं असतं तर मी न जेवता निघाले नसते.

आता ते दुसरं.

तुला वाटतं मी गुरुवारी उठून गेले ती नियमांचं नाव घेऊन, आणि मग काही केलं नाही. मी काय केलं ते कुणालाच माहीत नाही. सुधन्वालाही नाही. हे पत्र तू माझ्या संचालकांकडे पाठवलंस तर माझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

शुक्रवारी सकाळी मी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, नाव लिहीत नाही. त्यांच्याकडून बाबांच्या रक्तातला जंतू मागून घेतला. ना अर्ज, ना परवानगी. बोटभर नळीत, पर्समध्ये घालून मेट्रोने आणला. आमच्या लॅबमध्ये शहाण्णव खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते. काही खळग्यांत नुसता जंतू, काहींत जंतू आणि मेरोपेनेम, काहींत मेरोपेनेम आणि बी-४१. हे मी हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा प्लेटवर काय लिहायचं ते सुचेना. रोज आम्ही नंबर टाकतो. मी बाबांच्या नावाचं ‘दी.’ लिहिलं. दीनानाथ.

शनिवारी सकाळी साडेआठला प्लेट काढली. जंतू वाढला की खळगा ताकासारखा गढूळ होतो. नुसतं मेरोपेनेम होतं ती सगळी रांग गढूळ होती. त्याच्या शेजारची रांग, जिच्यात बी-४१ होतं, ती स्वच्छ होती. पाण्यासारखी. खालपर्यंत.

चाललं होतं, दादा. बाबांच्या जंतूवर माझं संयुग चाललं होतं.

बारा वर्षांत इतका सुंदर निकाल मी पाहिला नव्हता. मला आनंद झाला. वाचून तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण पहिले दोन-चार क्षण मला फक्त आनंद झाला. मग आठवलं कुणाचा जंतू आहे.

मी बी-४१ ची एक कुपी काढली, डब्याच्या पिशवीत बर्फाच्या पॅकमध्ये ठेवली आणि हॉस्पिटलला आले. तू त्या वेळी घरी अंघोळीला गेला होतास. भेटीची वेळ बारा ते साडेबारा. म्हणजे तू बोललास ते एका अर्थाने खरंही नाही. त्या दुपारी ते फ्रीजमध्ये नव्हतं. माझ्या खांद्याला होतं.

लिफ्टमध्ये माझ्या मनात जे आलं ते लिहायला मला चार दिवस लागले आहेत. मला वाटलं होतं, माझ्या मनात बाबांच्या किडन्या येतील, नियम येतील. आधी आलं ते हे: हे दिलं आणि बाबा गेले, तर बी-४१ कायमचं बंद होईल. चौकशी होईल, माझं नाव जाईल, बारा वर्षं जातील. हे पहिलं आलं. मग बाकीचं आलं.

बाकीचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे उंदरांचं काम धवल बघतो, प्राण्यांचा डॉक्टर आहे, फार सावध माणूस. बुधवारी तो मला म्हणाला होता, “मैडम, चार नंबर के पिंजरे का भूसा सूखा है. पेशाब नहीं कर रहे.” मी म्हटलं, पाण्याची बाटली तुंबली असेल, बघ. तो म्हणाला, “अच्छा, बदल देता हूँ,” पण मान हलवत गेला. एवढंच कळलं होतं तोवर. एक कोरडा पिंजरा. बाबांच्या पलंगाखाली लघवीची पिशवी लटकत होती, तिच्या तळाशी जेमतेम बोटभर होतं. मी त्या पिशवीकडे बघत उभी राहिले. शिवाय प्लेटमध्ये रक्त नसतं, यकृत नसतं, माणूस नसतो. प्लेटमध्ये चाललेलं बहुतेक सगळं माणसात हरतं.

बाबा शुद्धीवर होते. मला बघून त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. नर्सने हटकलं, तर तिला दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं.

म्हणाले, “तुझं ते बिस्मथ. माझ्या जंतूवर लावून बघितलंस?”

मी तुला खरंच सांगते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते मला ओळखत होते, बस.

मी म्हणाले, “हो बाबा. बघितलं.”

“मग?”

“नाही चालत.”

त्यांनी डोळे मिटले. मग माझ्या हातावर थोपटलं, आणि म्हणाले, “बरं. वाईट वाटून घेऊ नकोस. दुसरं बनव.”

ते मला समजावत होते. मरणारा माणूस मला समजावत होता, मी खोटं बोलल्यावर.

खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, दे. आणि त्यांनी मागितल्यावर मला ‘नाही’ म्हणता आलं नसतं. म्हणून मी त्यांच्याकडून मागायचा हक्कच काढून घेतला. तुझ्या तोंडावर मी निदान ‘नाही’ म्हणाले होते. त्यांना तेवढंही दिलं नाही. ते सोमवारी सकाळी गेले. कुपी मी शनिवारीच दुपारी परत नेऊन जागेवर ठेवली होती.

तीन आठवड्यांनी उंदरांचा रिपोर्ट आला. जंतू मारायला जेवढं बी-४१ लागतं, तेवढ्या डोसवर सहापैकी पाच उंदरांच्या किडन्या खलास झाल्या होत्या. धवलने कागद माझ्यासमोर ठेवला आणि गेला. म्हणजे मी बरोबर होते. दिलं असतं तर बाबा कदाचित रविवारीच गेले असते, जास्त हाल होऊन. हा रिपोर्ट घेऊन मी तुझ्याकडे येऊ शकले असते, तुझ्या तोंडावर फेकू शकले असते. का नाही आले? कारण त्यावरची तारीख सहा जानेवारी आहे. त्या शनिवारी माझ्याजवळ हा कागद नव्हता. माझ्याजवळ एक कोरडा पिंजरा होता आणि स्वतःच्या नावाची भीती होती. नंतर नशिबाने मी बरोबर ठरले. त्याचं श्रेय घ्यायला माझी जीभ उचलली नाही.

बी-४१ बंद झालं. हल्ली आम्ही सत्तेचाळिसाव्यावर आहोत. बिस्मथ तोच, त्याला धरणारा रेणू बदललाय. ‘दी.’ची प्लेट मी नोंदवहीत कधी चढवली नाही.

तर तू मला जे म्हणालास ते चूक आहे, आणि जे म्हणायला हवं होतंस ते तुला माहीतच नव्हतं. आता माहीत झालं. आता मला खुनी म्हणायचं असेल तर नीट कारण देऊन म्हण.

शनिवारी आईकडे जाऊन तिला सगळं सांगणार आहे. लिफ्टपाशी दिलेलं उत्तर मला बदलायचं आहे. ते झालं की हे पत्र टाकेन.


शनिवार, १३ डिसेंबर, दुपार

दादा, द्वारकेहून आत्ता आले. पत्र इथेच संपवणार होते, पण आता संपत नाही.

आई हॉलमध्ये मटार सोलत होती. आत्या देवळात गेली होती. मी समोर बसले आणि वर तुला लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं, प्लेट, कुपी, लिफ्ट, सगळं. एन्झाइम वगैरे तिला किती कळलं माहीत नाही. ती मटार सोलत राहिली. ‘मी त्यांच्याशी खोटं बोलले’ इथे आल्यावर मी रडायला लागले. मला वाटलं, ती जवळ घेईल, किंवा थोबाडीत देईल. दोन्हीची तयारी होती.

ती म्हणाली, “म्हणजे ते शुद्धीवर होते?”

मी म्हटलं, “कधी?”

“शनिवारी. बोलत होते ते?”

“हो.”

तिने मटारची परात मांडीवरून खाली ठेवली. म्हणाली, “यशोधन म्हणाला होता, झोपेचं औषध दिलंय, तू येऊन काय करशील, तुझं बीपी वाढेल. आणि शनिवारी संध्याकाळी तू फोन केलास. म्हणालीस, बाबांनी सूप घेतलं, उतार आहे. घेतलं होतं का?”

“नाही गं.”

“मग सूप कुठून आणलंस?”

त्या दिवशी तिच्या आवाजात काळजी होती म्हणून मी सूप म्हणाले होते. मागे ठरवलंच होतं ना आपण, तू आणि मी, शुक्रवारी पार्किंगमध्ये. तू म्हणालास, “आईला आत्ता काही सांगायचं नाही.” मी म्हणाले, “बिल्कुल नाही.” त्या सगळ्या आठवड्यात तुझंमाझं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

मग आई चिडली. दादा, आपण तिला कधी चिडलेलं पाहिलेलं नाही. कुरकुरताना पाहिलंय, हे वेगळं होतं. आवाज वर गेला नाही.

“तुझ्या औषधाचं मला कळत नाही. द्यायला हवं होतं की नाही, तुझं तू बघ. पण ते जागे होते. बोलत होते. आणि मी इथे त्यांचे स्वेटर काढून गच्चीवर उन्हात घालत होते, घरी आल्यावर लागतील म्हणून. पंचेचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. तुम्ही दोघांनी ठरवलंत, मी काय बघायचं आणि काय नाही. सोमवारी मला नेलंत ते झाकलेलं तोंड बघायला. आणि वर्षभर एकमेकांना शिव्या देताय, बाबांना कुणी मारलं म्हणून. माझं काय घेतलंत ते दोघांपैकी एकाच्याही लक्षात नाही.”

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने पाय मागे घेतले.

मग म्हणाली, “दोघं या. एकत्र. जेवायला नाही, मी काही करणार नाही. समोर बसा आणि मला सांगा, गुरुवारपासून सोमवारपर्यंत. कधी डोळे उघडले, काय बोलले, कुणाला काय म्हणाले. सगळं. एकाकडून मी ऐकणार नाही, तुम्ही एकेकटे खोटं बोलता.”

मी दारापर्यंत गेले तेव्हा तिने विचारलं, “माझ्याबद्दल विचारलं होतं का गं त्यांनी?”

विचारलं होतं, दादा. ‘दुसरं बनव’ म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, “आई कुठंय तुमची?” मी म्हटलं, उद्या येणार आहे. आणि रविवारी तू आत गेला होतास. बाहेर आल्यावर तू भिंतीला टेकून मला म्हणालास, “बाबा परत आईचं विचारत होते. मी म्हटलं ट्रॅफिकमध्ये अडकलीय.” तू हे विसरला असशील असं मला वाटत नाही. मला वाटतं, तुझ्या त्या श्राद्धाच्या पानावरच्या वाक्याखाली हेच होतं. माझ्या फ्रीजकडे बोट दाखवणं त्यापेक्षा सोपं होतं. मला कसं कळतं विचारशील, तर मीही वर्षभर तुझ्या गोळ्यांच्या डब्याकडे बोट दाखवत होते.

आईला मी उत्तर दिलं नाही. “दादा आला की सांगते,” म्हणाले. त्यांनी दोन दिवस विचारलं. एक दिवस मला, एक दिवस तुला. ते एकट्याने सांगायची माझी हिंमत नाही, आणि एकट्याने सांगून तुला मोकळा सोडायची इच्छाही नाही.

रविवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मी आईच्या बिल्डिंगच्या खाली उभी असेन. तू येईपर्यंत वर जाणार नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मला तुझा राग आहे आणि तो एकवीस तारखेपर्यंत जाईल असं वाटत नाही. पण सोफ्यावर माझ्या शेजारी बस, आणि ती विचारेल तेव्हा आधी तू बोल. तू थोरला आहेस.

आईशी तुझ्याबरोबर खोटं बोललेली,
केतकी